गोष्टींचे आगर : उरण

उरणला जायच्या वाटा अनेक. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर लाँचमध्ये बसलात तर तासाभराच्या आत मोरा बंदराला उतराल. मात्र ओहोटीला गाळ उघडा पडला की ही लाँच खोळंबते, म्हणून भरतीची वेळ विचारून निघावे. पनवेलकडून एस.टी. आहे. अलिबागकडून येणाऱ्यांना रेवसहून करंजाला तर आहे. २०२४ च्या जानेवारीपासून आगगाडी थेट उरणपर्यंत येते, आणि त्याच महिन्यात शिवडी ते न्हावा-शेवा असा समुद्रावरचा अटल सेतूही खुला झाला. कोणत्याही वाटेने या, पण हाताशी दोन दिवस ठेवून या.

उरण म्हटले की लोकांना बंदर आठवते, डोंगराएवढे रचलेले कंटेनर आठवतात, तेल आणि वायूचा प्रकल्प आठवतो. ते सारे आहेच. पण आज तुम्हाला येथल्या वेगळ्या पिकाची ओळख करून द्यायची आहे. ते पीक म्हणजे गोष्टी. गोष्टी लिहिणे हा माझा जुना नाद, आणि या बाजूच्या शाळांतून मुलांबरोबर गोष्टी रचायला बसणे हा त्याहून गोड नाद. त्या निमित्ताने हा तालुका जसा पाहिला, तसा तुम्हाला दाखवतो.

नाव राहते, वस्तू जाते

मोरा बंदरावर उभे राहून समुद्राकडे पाहा. समोर घारापुरीचे बेट दिसते. हे बेट उरण तालुक्यातच येते. तिथली लेणी आणि त्रिमूर्ती पाहायला जगभरचे लोक येतात. १९८७ साली या लेण्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. परदेशी लोक या बेटाला एलिफंटा म्हणतात. का? तर पोर्तुगीज येथे आले तेव्हा त्यांना किनाऱ्याजवळ दगडाचा एक मोठा हत्ती दिसला. त्या हत्तीवरून बेटाला नाव पडले. आज तो हत्ती बेटावर नाही. तो मुंबईच्या राणीच्या बागेत उभा आहे. हत्ती गेला, नाव राहिले.

मुलांना हे सांगितले की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मग त्या हत्तीला काय वाटले असेल?" झाले! गोष्ट सुरू झाली. इतिहास सांगतो की हत्ती हलवला. त्याला काय वाटले असेल, हे फक्त गोष्ट सांगू शकते.

मागे वळून पाहिलेत तर द्रोणागिरीचा डोंगर दिसेल. लक्ष्मणासाठी संजीवनी आणायला गेलेला हनुमान अख्खा द्रोणागिरी उचलून घेऊन निघाला, त्यातला एक तुकडा येथे पडला, असे लोक सांगतात. पायथ्याशी करंजाला द्रोणागिरी देवीचे देऊळ आहे. नवरात्रात तिथे गर्दी उसळते. विचार करा, कोणा एका माणसाने कधीतरी या डोंगराकडे पाहिले असेल आणि मनाशी म्हटले असेल, "हा एकटाच डोंगर समुद्राकाठी कसा आला?" त्याने उत्तर रचले, ते पुढच्याला पटले, आणि शेकडो वर्षे ते तोंडातोंडी चालत आले. त्या पहिल्या माणसाचे नाव कोणाला ठाऊक नाही. पण तो आपल्या सगळ्या लेखकांचा पूर्वजच म्हणायचा.

खारेपाटातील एक वर्ग

उरणच्या पूर्वेकडे खोपटे, आवरे, पुनाडे या बाजूला गेलात तर खाडीकाठची भातशेती दिसेल. एका अंगाला खारे पाणी आणि दुसऱ्या अंगाला भात. मध्ये फक्त चिकण मातीचा बांध. पावसाळ्यात अमावास्येला किंवा पौर्णिमेला मोठे उधाण आले आणि बांधाला खांड पडली, की खारे पाणी शेतात शिरते. त्या वर्षीचे पीक तर जातेच, पण जमिनीतला खार पावसाने धुऊन निघेपर्यंत पुढची दोन-तीन वर्षेही भात नीट येत नाही. कोरडवाहू मुलखातल्या वाचकांना पाण्याची वाट पाहणे ठाऊक आहे. येथल्या शेतकऱ्याला पाण्याला अडवून धरणे ठाऊक असते.

अशा एका गावच्या शाळेत आठवीच्या वर्गाला सांगितले, "बांध फुटल्याची गोष्ट लिहू या." एका मुलाने लगेच हात वर केला. "बांध फुटला, सगळी शेतं गेली, लोक रडले. संपली गोष्ट." वर्ग हसला. मग आम्ही एकेक प्रश्न विचारत गेलो.

बांध फुटलेला पहिल्यांदा कोणी पाहिला? "एका पोराने." रात्री तो तिथे काय करत होता? "बत्ती घेऊन चिंबोऱ्या धरायला गेला होता." घरी सांगून गेला होता? "छे!" आता गोष्टीला पाय फुटले. शेजारचे शेत कोणाचे? "त्याच्या काकाचे." काका कसा आहे? एक मुलगी हळूच म्हणाली, "काका आणि बापूस बोलत नाहीत. बांधावरूनच भांडण झालंय."

वर्ग एकदम शांत झाला. कारण बांधावरून न बोलणारे भाऊ प्रत्येकाने कुठे ना कुठे पाहिले होते. तुमच्याही गावात असतील. मी विचारले, "मग पोरगा आधी कोणाला उठवेल? बापाला की काकाला?" निम्मा वर्ग एकीकडे, निम्मा दुसरीकडे. शेवटी मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "काकाला. बापूस उठला तर पहिला प्रश्न विचारेल, एवढ्या रात्री कुठं गेला होतास?" सगळ्यांना ते पटले.

असे करत करत दोघे भाऊ कुदळी आणि घमेली घेऊन बांधावर आले. पहाटेपर्यंत चिखल आणि पेंढा टाकून त्यांनी खांड बुजवली. आता शेवट काय करायचा? मुलांना सिनेमातल्यासारखी गळाभेट हवी होती. पण ती मघाचीच मुलगी म्हणाली, "नाय बोलनार ते. पन सकाली काकी दोघांना च्या धाडील."

वाचकहो, गोष्ट कशी लिहावी यावर कितीही व्याख्याने दिली असती, तरी या एका वाक्याइतके शिकवता आले नसते. गळाभेटीने सगळे सांगून टाकले असते, आणि ऐकणाऱ्याला करायला काही उरले नसते. चहाच्या दोन कपांनी मात्र सात वर्षांचा अबोला सैल झाल्याचे कळते, आणि ते आपले आपल्यालाच उमगल्याचा आनंद मिळतो. शिकवणाऱ्याचा आनंद याच जागी असतो. आपण फक्त प्रश्न विचारलेला असतो, आणि मूल त्याचे असे उत्तर देते की आपल्यालाही ते सुचले नसते.

आवण आणि लावणी

मुले नेहमी विचारतात, "सर, हे खरं नाही ना? मग हे खोटं बोलणं नाही का?" हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. कष्टकरी घरात रचलेल्या गोष्टीला थापा म्हणण्याची पद्धतच आहे.

त्यावर भाताचे उदाहरण द्यावे. आपण राब भाजतो, त्यात बी पेरतो, रोप वर आले की आवण काढतो आणि दुसऱ्या खाचरात नेऊन लावतो. रोप तेच, पण जागा बदलली की ते फुटवे धरते. गोष्टीचेही तसेच आहे. अनुभव आपल्या आयुष्यात उगवतो. तो मुळासकट उपटायचा आणि रचलेल्या माणसाच्या आयुष्यात लावायचा. राग तुमचाच असतो, पण तो गोष्टीतल्या काकाला द्यायचा. भीती तुमचीच असते, ती चिंबोऱ्या धरणाऱ्या पोराला द्यायची. मग ती आपलीच गोष्ट आपल्यालाच नवी दिसू लागते. जे घरात मोठ्याने बोलता येत नाही, ते दुसऱ्याच्या तोंडून बोलता येते. थाप मारणारा ऐकणाऱ्याला फसवतो. गोष्ट सांगणारा आधीच सांगतो की ही गोष्ट आहे, आणि मग त्यात मनातले खरे घालतो.

लिहिण्यातली दुसरी गंमत अशी की काही वेळाने गोष्टीतली माणसे आपले ऐकेनाशी होतात. तुम्ही ठरवता की काका पाषाणहृदयी दाखवायचा. पण लिहिता लिहिता तो अंधारात पुतण्याच्या अंगावर आपले घोंगडे टाकतो, आणि तुम्ही बघत राहता. हा आनंद ज्याने एकदा घेतला, तो वही सहसा सोडत नाही.

लावणीनंतर बेणणी येते. लिहिलेले दुसऱ्या दिवशी मोठ्याने वाचावे. जिथे जीभ अडखळते तिथे तण आहे असे समजावे आणि उपटून टाकावे. मुलांना खोडायला जिवावर येते. पण वाचताना समोरचा चुळबुळ करू लागला की कुठे लांबण लागली ते त्यांना आपोआप कळते.

बोलीची लाज नको

उरण हा आगरी आणि कोळी समाजाचा मुलूख. आगर म्हणजे मिठागर, आणि आगर पिकवणारा तो आगरी, असे सांगतात. येथल्या बोलीत पाण्याचे पानी होते, सकाळची सकाली होते, आई आयस होते आणि बाप बापूस होतो. घरात ही बोली धबधब्यासारखी वाहते. पण वही उघडली की मूल गप्प होते. पुस्तकी मराठीत त्याचा काकाही मास्तरासारखा बोलू लागतो, आणि गोष्ट तिथेच मरते.

म्हणून वर्गात एक नियम ठेवावा. सांगणारा लेखक हवे तर पुस्तकी भाषेत लिहो, पण माणसे तोंड उघडतील ती आपल्या घरच्या बोलीत. हे ऐकल्यावर पोरांच्या चेहऱ्यावर जे हसू येते ते पाहण्यासारखे असते. आपली आजी वहीत बोलू शकते, हे त्यांना त्या दिवशी कळते.

या आजीबायांचा मान येथे पूर्वापार मोठा. आगरी लग्नात धवलारीण असते. ती धवले गाऊन लग्न लावते. तिला शाळेची पायरी ठाऊक नसेल, पण रात्रभर पुरेल एवढे तिच्या मुखात असते, आणि कुठे थांबायचे, कुठे आवाज चढवायचा हे तिला पक्के ठाऊक असते. उरणच्या बाजूला लग्नाला जायचा योग आला तर जेवणाच्या पंगतीइतकेच लक्ष तिच्याकडे द्या. शहरातही ही हौस टिकून आहे. विमला तलावाच्या काठी कोकण मराठी साहित्य परिषदेच्या उरण शाखेचा मधुबन कट्टा भरतो, आणि लिहिणारी मंडळी तिथे एकमेकांना आपले लिखाण ऐकवतात.

फळ्यापुढचे लेखक

शिकवणे आणि लिहिणे एकत्र नांदते का, अशी शंका असेल तर याच कोकणपट्टीत खाली शिरोड्याला चला. तेही उरणसारखेच मिठागरांचे गाव. वि. स. खांडेकर १९२० साली तिथल्या शाळेत शिक्षक म्हणून गेले आणि १९३८ पर्यंत तिथेच राहिले. १९३० मध्ये त्या गावात मिठाचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षी खांडेकरांची 'हृदयाची हाक' ही पहिली कादंबरी आली. पुढे 'उल्का' आणि 'दोन ध्रुव' या कादंबऱ्याही याच खेड्यातल्या मास्तराने लिहिल्या. त्यांना पुढे १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार 'ययाति'साठी मिळाला, तो मराठीला मिळालेला पहिला.

साने गुरुजींचे उदाहरण तर घराघरात माहीत आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात असताना ते मुलांसाठी हाताने लिहिलेले दैनिक काढीत. पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. त्या पुस्तकाची घडणच पाहा. श्याम आपल्या सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो. वसतिगृहातल्या मुलांना जीव लावणाऱ्या शिक्षकाला हीच रीत सुचणार.

आणि शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर, द. मा. मिरासदार या त्रयीने गावोगाव फिरून कथाकथनाचे फड रंगवले, ते आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी ऐकले असतील. त्यांतले मिरासदार पुण्याला महाविद्यालयात मराठी शिकवीत. तिघेही पुढे अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. गोष्ट वहीत राहून पुरत नाही, ती माणसांसमोर वाचली की पुरी होते, हे या तिघांनी दाखवून दिले.

जिथे रचायचे नाही

आता पुन्हा उरणला येऊ आणि चिरनेरला जाऊ. २५ सप्टेंबर १९३० रोजी येथल्या अक्कादेवीच्या माळावर लोक जंगल सत्याग्रहासाठी जमले. ज्या रानातून पिढ्यान् पिढ्या लाकूडफाटा आणला त्या रानात पाऊल टाकायला कायद्याने बंदी केली, म्हणून हे आंदोलन. गोळीबार झाला आणि आठ जण हुतात्मा झाले. त्यांत नाग्या महादू कातकरी हा आदिवासी वीर होता. गावात त्यांचे स्मारक आहे. तिथे क्षणभर थांबून मग पुढे जा.

मुलांना येथे आणले की दुसरा नियम सांगावा लागतो. हुतात्म्यांची नावे, तारीख, जे घडले ते, यांत आपण काडीचाही फेरफार करायचा नाही. ती आपल्या मालकीची जमीन नव्हे. पण त्या गर्दीत कोणीतरी पाण्याची कळशी घेऊन आलेली मुलगी असेल, कोणाचा तरी कोयता धार लावून घराच्या कुडाला अडकवलेला राहिला असेल. ती मुलगी आणि तो कोयता रचायला मोकळीक आहे. मात्र ते रचलेले आहे हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे. कुठे रचावे आणि कुठे हात जोडून थांबावे हे ज्याला कळले, त्याला लेखणी द्यायला हरकत नाही.

हे पीक आत्ताच का घ्यायचे

शेवटी जासईला चला. लोकनेते दि. बा. पाटील यांचे हे गाव. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या भागातली ९५ गावे नवी मुंबईसाठी संपादनात आली. जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी लढा उभा राहिला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दास्तान फाटा आणि नवघर येथे झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत देण्याचे तत्त्व पुढे आले.

२६ मे १९८९ रोजी मोठे बंदर सुरू झाले. त्यासाठी जुना शेवा गाव उठला. तिथले शेतकरी नवीन शेव्यात वसवले आणि कोळी बोरीपाखाडीजवळ हनुमान कोळीवाड्यात. त्या कोळीवाड्यातल्या घरांना पुढे वाळवीने पोखरले. समुद्रावर उभा जन्म काढलेल्या माणसांना वाळवीशी झुंजावे लागले. आज साऱ्या जगात मालाच्या कागदांवर न्हावा-शेवा हे नाव छापले जाते, पण जुन्या शेव्याचा पार कुठे होता, विहिरीचे पाणी कसे लागे, हे त्या कागदांवर नसते. हत्ती आणि बेटाची तीच गोष्ट. नाव राहिले, गाव गेला.

ज्या आजोबांनी मिठागरात काम केले, ज्या आजीने जुन्या गावच्या विहिरीवर पाणी भरले, ती पिढी आता थकली आहे. बरीचशी मिठागरे आणि खाचरे भरावाखाली गेली. नातवंडे कंटेनरच्या रांगांतून शाळेला जातात. त्यांना गावाचा नकाशा शोधून काढता येईल, पण गावातली संध्याकाळ कशी होती हे आजीकडूनच कळेल. ते तिला विचारायला निमित्त लागते. "आजी, मला गोष्ट लिहायची आहे," यासारखे दुसरे निमित्त नाही. वर्गातली एक मुलगी असे विचारायला गेली, तेव्हा आजीने आधी "काय करायचंय तुला?" म्हणून झिडकारले आणि मग दोन रात्री बोलत राहिली. नातीची वही भरली, पण त्याहून मोठे काम झाले. आजीचे म्हणणे कोणीतरी लिहून घेतले.

तुमच्या घरी

उरणला याच. पिरवाडीचा किनारा बघा, पाणजे बाजूच्या पाणथळीत थंडीचे पाहुणे पक्षी बघा, हिवाळ्यात कोणी पोपटी लावली असेल तर मडक्यातल्या वालाच्या शेंगा खाऊन बघा. पण येथून जाताना एक गोष्ट सोबत न्या. तुमचे गाव कोरडवाहू असो की बागायती, डोंगरात असो की नदीकाठी, तिथेही न बोलणारे भाऊ आहेत, उठलेली वस्ती आहे, नाव उरलेली आणि वस्तू गेलेली एखादी जागा आहे.

घरातल्या शाळकरी मुलाला दहा-वीस रुपयांची एक वही द्या. त्याला घरातली एक जुनी वस्तू निवडू द्या. पाटा, कोयता, बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ, काहीही. ती कोणी आणली, कोणी वापरली, कोणामुळे हरवता हरवता वाचली हे त्याने मोठ्यांना विचारावे. मग त्यात एक रचलेला माणूस घालावा, आणि त्याला एखादी गोष्ट हवी आहे पण मिळत नाही असे करावे. लिहून झाले की रात्रीच्या जेवणानंतर सगळ्यांनी टी.व्ही. बंद करून ते ऐकावे. शुद्धलेखनाच्या चुका त्या वेळी काढू नयेत. फक्त मधूनमधून विचारावे, "मग? पुढे काय झाले?"

गावातल्या पाच-सहा मुलांनी असे लिहिले तर शाळेचे गुरुजी किंवा बाई दिवाळीत त्याचा हस्तलिखित अंक काढू शकतील. खर्च फारसा नाही. एक प्रत शाळेत राहील, एक ग्रामपंचायतीच्या वाचनालयात. आपल्या काकीने दोघा भावांना चहा धाडल्याचे पन्नास वर्षांनी कोणीतरी तिथे वाचेल.